तीनला उठणारं घर

येरमाळ्यात हायवेला लागून शेट्यांचं पेढ्याचं दुकान आहे. येडाईचं दर्शन करून आलेला माणूस प्रसादाला पेढा घ्यावा म्हणून तिकडं वळतो, आणि संध्याकाळी सातनंतर वळला तर बंद शटर बघून शिव्या देत परत जातो. एरवीचं सोडा हो. चैत्री पुनवेच्या यात्रेत देवीच्या नावानं चुनखडीचे खडे वेचायला माणसांचा लोंढा येतो, पानटपरीवालासुद्धा रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही, तेव्हाही शेट्यांचं शटर सातला खाली म्हणजे खाली. गावानं या घराला 'कोंबड्याचे शेटे' असं नाव पाडलंय ते काही उगाच नाही.

घरधनी वीरप्पा. वय अडुसष्ट. सहाला जेवण, साडेसातला बोलता बोलता मान खाली, आणि पहाटे तीनला कुणी न उठवता डोळे टक्क उघडे. त्यांचे वडील धोंडप्पा असेच होते. मुलगा उमाशंकरही तसाच. तो तर स्वतःच्या वरातीत घोड्यावर बसल्या बसल्या झोपला, आणि लोक म्हणाले नवरदेव टाकून आलाय. अहो, सात पिढ्यांत या घरानं दारूचा वास घेतलेला नाही! वरात निघाली रात्री नऊला. तोवर गडी घोड्यावर टिकला हेच लई झालं.

आता याची घराला लाज असावी, तर छे. उलट केवढा ताठा! तीनला उठायचं, म्हशींच्या धारा काढायच्या, इष्टलिंगाची पूजा उरकायची, साडेचारला भट्टी पेटवून कढई चढवायची, पाचला बाहेरचं दूध घ्यायचं आणि आठच्या आत ताजा खवा तयार. जग तोंड धुतं तोवर आमचा अर्धा दिवस झालेला असतो, असं वीरप्पा येईल त्याला ऐकवत. उशिरा उठणारा तो ऐदी, एवढा एकच न्याय या घरात चालायचा. वीरप्पांचा सख्खा धाकटा भाऊ उत्तरेश्वर काही केल्या सातच्या आत उठेना. त्याला बाजेसकट उचलून थंडीत अंगणात ठेवून पाहिलं, तरी उठेना. शेवटी तो पुण्याला गेला, एका कारखान्यात रात्रपाळीला लागला आणि सुखात राहिला. घरी मात्र त्याचं नाव निघालं की सगळे मान हलवायचे.

आणि या ताठ्याची सगळ्यात कडक राखण कोण करत होतं म्हणाल? तर या घरात न जन्मलेली बाई. गिरिजाबाई, वीरप्पांची बायको. माहेर तेरचं. विसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या, आज त्रेसष्ट. त्रेचाळीस वर्षांत तीनचा ठोका चुकला नाही. आजारपण, बाळंतपण, पोरीचं लग्न, काही असो. "म्या आता ह्याच घरची झाले, हाडामासासकट," असं त्या म्हणायच्या, आणि वीरप्पा शेजारी बसून कौतुकानं हसायचे. कुणी म्हणालं की बुवा तुमच्या अंगातच आहे लवकर उठणं, आमच्यानं होणार नाही, की वीरप्पा बोट करायचे गिरिजाबाईंकडं. "हिला बगा. ही तर परक्या घरनं आली. मनात असलं की होतं."

मागच्या वैशाखात उमाशंकरचं लग्न झालं. तीच ती घोड्यावरची वरात. सून शिवप्रिया परंड्याची. बाप शिवपुत्रअप्पा, किल्ल्याजवळ त्यांचं किराणा दुकान. पोरगी हसरी, हिशेबाला पक्की, गिऱ्हाईकाशी गोड. सगळं चांगलं. फक्त तीनला उठवली की भिंतीला धरून उभी राहायची आणि उभ्या उभ्या झोपायची. रात्री साडेसातला घर निजलं की तिला झोप यायची नाही. अकरापर्यंत आढ्याकडं बघत पडायची, आणि मग चार तासांत गिरिजाबाईंची हाक.

"लागंल सवय," पहिल्या महिन्यात गिरिजाबाई म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी तिचा मोबाईल संध्याकाळी कपाटात ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात तोंडावर पाणी. पोरगी ओरडली नाही, पदरानं तोंड पुसून गोठ्यात गेली. गिरिजाबाईंना त्या दिवशी जरा चुटपुट लागली, पण वळण लावायचं तर असं होतंच, म्हणून त्यांनी ती झटकून टाकली.

श्रावणात दुकानात अर्पिता आली. पोरगी धाराशिवचीच, वडील कळंबला मास्तर. ती शिकत शिकत पार हैदराबादला एका प्रयोगशाळेत पोचलेली. प्राण्यांच्या आणि झाडांच्या शरीरात घड्याळ कसं चालतं, हा तिचा विषय. त्या दिवशी ती मात्र पेढे घ्यायलाच आली होती. पावणेसात झालेले. वीरप्पांनी तागडीत पाव किलो पेढे टाकले आणि तागडी हातात धरूनच डुलकी घेतली. मागं उमाशंकर जांभयांवर जांभया देत गल्ला मोजत होता.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. ही हसली नाही. वीरप्पांचा डोळा उघडेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही रोज याच वेळेला झोपता? तुमचे वडीलही? आत्या, काका, भावंडं?" वीरप्पा खूश. आयुष्यभर ज्यापायी टवाळी झाली, ते कुणीतरी वहीत लिहून घेत होतं!

महिन्यानं ती पुन्हा आली ती पिशवीभर सामान घेऊन. रक्ताच्या नळ्या, थुंकीच्या नळ्या आणि मनगटावर बांधायची काळी घड्याळं. त्यांत वेळ दिसत नव्हती, माणूस कधी हलतो आणि कधी निपचित पडतो एवढंच नोंदलं जायचं. सगळ्यांच्या संमतीच्या सह्या घेतल्या आणि अंगणात चिंचेखाली बसून तिनं समजावून सांगितलं.

"मावशी, दिवेलागणीनंतर बेलाचं पान का तोडत नाही आपण?"

"झाड झोपतं म्हणून," गिरिजाबाई म्हणाल्या.

"आणि ही चिंच बघा. ऊन अजून हाय की नाही? तरी पानं मिटायला लागली. हिचं रोप तुमच्या कोठीत अंधारात ठेवा, तरी दोन-चार दिवस ते याच वेळेला पानं मिटंल आणि सकाळी उघडंल. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, आत हाय. तसंच माणसात."

"आत म्हंजे कुठं? काळजात?"

"पेशी-पेशीत. तुमच्या भट्टीसारखंच चालतं बघा ते. कढई भरली की तुम्ही दूधवाल्याला थांब म्हणता. खवा उतरवून कढई रिकामी झाली की पुन्हा ओत म्हणता. पेशीत एक प्रथिन असंच बनत राहतं. लई साठलं की ते स्वतःच आपल्या कारखान्याला थांब म्हणतं. मग हळूहळू विरतं, आणि विरलं की कारखाना पुन्हा सुरू. एका फेऱ्याला साधारण चोवीस तास लागतात. झाडातली जनुकं निराळी, पण करायची रीत हीच."

"मग ह्यांचं काय बिगडलंय?"

"बिघडलं नाही. काकांच्यात ते प्रथिन लवकर विरत असावं. जनुक म्हणजे एक लांबलचक मजकूर समजा. त्यात एका जागी एक अक्षर बदललेलं असंल, बापाकडून पोराला आलेलं. ज्याच्याकडं आलं तो सांजेला झोपणार. ज्याच्याकडं नाही आलं तो तुमचा उत्तरेश्वर. घड्याळ रोज थोडं पुढं पळतं, दिवसाचं ऊन त्याला मागं ओढून आणतं, तरी तीन-चार तासांचा फरक राहतोच."

वीरप्पांचा चेहरा पडला. "म्हंजे ह्यात आमचं पुण्य काईच न्हाय?"

"पुण्य नाही काका, आणि पापही नाही. एक अक्षर हाय."

वीरप्पांना ते काही रुचलं नाही. त्यांनी लगेच बोट केलं. "मग हिचं काय? हिला कुठनं आलं अक्षर? ही तर तेरची."

"मावशींच्यात ते नसणारच," अर्पिता सहज बोलून गेली.

झालं! गिरिजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालची पोर, चार बुकं शिकून आली आणि सांगते की तू या घरची नाहीस. "माझं बी रगत घे," त्या हात पुढं करून म्हणाल्या. "घड्याळ बी बांध. बघू तुझं यंत्र काय म्हणतं ते."

अर्पिता म्हणाली, बरंच झालं, तुलनेला बाहेरून आलेलं माणूस लागतंच. तिनं शिवप्रियाचेही नमुने घेतले.

थुंकीचा प्रकार मोठा चमत्कारिक होता. कोठीत मिणमिणता दिवा लावून दुपारपासून बसायचं आणि तासातासाला नळीत थुंकायचं, रात्री दहापर्यंत. वीरप्पांना आठ वाजता गदागदा हलवून थुंकायला लावलं, तर ते अर्धवट झोपेत नळी सोडून उमाशंकरच्या हातावर थुंकले. गिरिजाबाईंचीही मान साडेसातला पडली. पण अर्पितानं त्यांना चार गोष्टींत गुंतवलं, अर्धा तास गेला आणि बाई ज्या टवटवीत झाल्या त्या दहापर्यंत तेरच्या गमतीजमती सांगत बसल्या. दहा वाजता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला झोप आलेली नाही, आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दसरा झाला आणि भावाच्या नातवाच्या बारशाला त्या तेरला गेल्या. आठ दिवस राहिल्या. मनगटाला घड्याळ होतंच. पहिल्या दिवशी डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऊन आलेलं, सात वाजून गेलेले. प्रवासाचा शीण, त्या मनाशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सव्वासात. तिसऱ्या दिवशी साडेसात, आणि भावजय म्हणते, झोपा की वन्सं, इथं कुठं भट्टी पेटवायचीय. चौथ्या रात्री गिरिजाबाईंनी घड्याळ काढून उशीखाली सरकवलं. मग आठवलं की काढून ठेवलं तर तेही नोंदलं जातं, असं ती पोरगी म्हणाली होती. मुकाट्यानं पुन्हा बांधलं. आठही दिवस सातच्या पुढं झोपल्या. येरमाळ्याला परतल्यावर वीरप्पांनी विचारलं, "तिकडं जाग यायची का तीनला?" तर म्हणाल्या, "न यायला काय झालं?"

दिवाळीनंतर ते घडलं. शिवप्रिया भट्टीवर होती, पहाटे साडेपाचला. कढईत चाळीस लिटर दूध आटत आलेलं, ही वेळ उलथणं क्षणभरही थांबू न देण्याची. पोरीचा डोळा लागला. उलथणं थांबलं, खवा बुडाला लागला, आणि ती पुढं कलली तशी तिची चार बोटं कढईच्या काठाला टेकली. ओरडण्यानं घर गोळा झालं. बोटांना फोड आले, खवा काळा पडला, आणि जळक्या वासानं दुपारपर्यंत डोकं उठलं.

वीरप्पा तापले नाहीत, ते तापत नसतच. म्हणाले, "आज बोटं गेली, उद्या पोरगी कढईत जाईल. हिच्या वडिलांला बोलवून घ्या. चार-सहा म्हैने माहेरी ठिवा, वळण लागलं की आणा." उमाशंकर कढईचा जळका थर खरवडत राहिला. सहा महिन्यांसाठी माहेरी गेलेली सून बहुधा परत येत नसते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. परंड्याला फोन केला तो गिरिजाबाईंनीच. "हयगय झाली पोरीकडनं," त्या म्हणाल्या. "रविवारी या."

रविवारी सकाळी आधी अर्पिता उगवली. निकाल आले होते. घरात काय शिजतंय याची तिला गंधवार्ता नव्हती. ज्याचा निकाल त्यालाच एकट्याला सांगायचा असा तिच्या कामाचा नियम, म्हणून एकेकाला कोठीत बोलावू लागली. वीरप्पा बाहेर आले ते छाती काढून. अक्षर सापडलं होतं, जिथं असावं असं तिला वाटलं होतं तिथंच. उमाशंकरमध्येही होतं. शिवप्रिया कागदाची घडी मुठीत धरून आली आणि कुणाकडं न बघता आत गेली. शेवटी गिरिजाबाई.

"मावशी, तुमच्यात ते अक्षर नाही."

"यंत्र चुकलं आसंल."

"दोनदा तपासलं." तिनं दुसरा कागद उलगडला. त्यावर काळ्या रेघांचे पट्टे होते. "तुमच्या मनगटावरचं घड्याळ हे. हे दिवस इथले, तीनला हालचाल सुरू. आणि हे आठ दिवस."

गिरिजाबाई बघतच राहिल्या. आठ पट्ट्यांवर अकरापासून सातपर्यंत पांढरी शांत जागा होती. घड्याळानं चहाडी केलीच होती.

"पाव्हण्याच्या घरी जागरण व्हतंय," त्या म्हणाल्या.

"आठ दिवस? बरं, थुंकीचं बघा. काकांच्या अंगात झोपेचं रसायन संध्याकाळी पाचला चढायला लागतं. तुमच्या अंगात साडेआठनंतर. तेही या वयात आणि इतकी वर्षं तीनला उठून. मोकळं सोडलं असतं तर आणखी उशिरा चढलं असतं."

"मग मला साडेसातला झोप येती ती कशी?"

"थकून, मावशी."

गिरिजाबाईंना राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून त्यांनी समोरच्या पोरीवरच काढला. "तुला काय कळतंय? त्रेचाळीस वर्षं! एक दिस चुकले न्हाय म्या!"

"ते खरंच हाय," अर्पिता म्हणाली. "पण ते शरीराच्या विरुद्ध जाऊन. सोपं नव्हतं ते."

सोपं नव्हतं, हे त्यांना आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. गिरिजाबाईंचे डोळे भरून आले आणि त्या आणखी चिडल्या. "कुणाला सांगणार हायेस हे?"

"कुणालाच नाही. हा कागद तुमचा. दाखवायचा की चुलीत घालायचा, तुम्ही ठरवा."

त्यांनी कागद कमरेला खोचला आणि चुलीपुढं गेल्या. घालणारच होत्या आत. तेवढ्यात बाहेर आवाज झाला, परंड्याचे शिवपुत्रअप्पा आले होते.

शिवपुत्रअप्पा अंगणातल्या बाजेच्या काठावर, उठायच्या तयारीतच बसले. पोरीच्या बापाचं बसणं असंच असतं. शिवप्रिया दाराशी, हाताला पट्टी. अर्पिता निघायला उठली तर वीरप्पा म्हणाले, बस गं, तूही ऐक. गिरिजाबाई चहाचे कप घेऊन आल्या.

"पोरगी वाईट न्हाय तुमची," वीरप्पांनी सुरुवात केली. "पण अंगात ऐदीपणा हाय. आमच्या घरचं काम तीनला सुरू व्हतंय, ते हिला झेपंना. थोडे दिवस घिऊन जावा."

"मामा," शिवप्रिया बोलली. दारातून पुढं आली. "माझ्यात ते अक्षर न्हाय. म्या झोपायचं किती करते, मला अकराबिगर झोपच येत न्हाय. कसूर माझा न्हाय ह्यात." तिनं कागद पुढं धरला.

वीरप्पांनी कागदाकडं पाहिलंही नाही. "आगं, अक्षर न्हाय तर न्हाय. तुझ्या आत्याबाईत तरी कुठनं आसंल? ती बी परक्याच घरनं आली. त्रेचाळीस वर्षं! एकदा तरी खवा लागला का तिच्या हातनं? मनात आसलं की व्हतंय, अप्पा. ही समोर उभी हाय की."

शिवपुत्रअप्पांनी गिरिजाबाईंकडं पाहून हात जोडले. "खरं हाय. वैनींचं उदाहरण डोळ्यापुढं आसताना आमी काय बोलावं." आणि पोरीकडं वळून म्हणाले, "बांध बाई सामान."

गिरिजाबाईंच्या हातात कपांचा ट्रे तसाच होता. त्यांना एकदम समजलं की या पोरीला घराबाहेर काढायला दुसरं कुणी लागत नाही, आपण नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. गप्प राहिलं तर मान राहतो. पोरगी तेवढी जाते.

"लागला व्हता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खवा. माझ्या हातनं. लगीन झाल्यावर दुसऱ्या वर्षी." ट्रे त्यांनी खाली ठेवला. "बसल्या जागी डोळा लागला. अर्धी कढई काळी. मामंजी गोठ्यात व्हते. म्या ते सगळं घमेल्यात भरून उकिरड्यावर नेलं, हातानं उकरू लागले. मागं बघते तर आत्याबाई."

"आई?" वीरप्पा म्हणाले.

"तुमची आई. चन्नम्मा शेटे. मला वाटलं आता मरते म्या. त्यांनी फावडं आणून दिलं. म्हणल्या, खोल पुर, वर शेण टाक. म्या इचारलं, आत्याबाई, तुमाला कसं कळलं म्या हितं आसंन? तर म्हणल्या, पलीकडच्या बाजूला माझं बी पुरलेलं हाय."

वीरप्पांचं तोंड उघडंच राहिलं.

"आन ते एकदाच न्हाय," गिरिजाबाईंचा आवाज आता चढला. "धारा काढताना म्हशीच्या अंगाला डोकं लावून झोपले म्या. जाग राहावी म्हणून मांडीला चिमटे घेतले, निळी पडायची मांडी. दुपारी धान्य निवडते म्हणून कोठीची कडी लावायची, ती कशाला? झोपायला! तेरला आठ दिवस सातच्या फुडं झोपले, आन घरी येऊन खोटं बोलले." त्यांनी कमरेचा कागद काढून वीरप्पांच्या मांडीवर टाकला. "माझ्यात बी अक्षर न्हाय. हिच्यात न्हाय तसंच."

मग त्या शिवप्रियाकडं वळल्या. "तुझा मोबाईल म्या काढून घेतला. तुझ्या तोंडावर पाणी म्या मारलं. मला ठाऊक न्हवतं म्हणावं, तर ते बी खोटंच की गं. मला न्हाय ठाऊक तर कुणाला?" शिवप्रिया रडत होती, तिनं जवळ येऊन सासूचा दंड धरला.

थोड्या वेळानं गिरिजाबाईंनीच नाक पुसलं. "पोरगी कुठं जाणार न्हाय. आन उद्यापासनं म्या बी तीनला उठणार न्हाय."

"आगं, मग धारा? भट्टी?" वीरप्पांना पहिला घोर तोच.

"तुमा दोघा बापलेकाचा डोळा आपसूक उघडतोय ना? मग काढा की धारा. भट्टी पेटवा. आमी दोघी आठला दुकान उघडू आन रात्री धाला बंद करू. सातनंतर किती गिऱ्हाईक माघारी जातंय, बगितलंय का कधी? झोपेत कुठनं बगणार तुमी!"

उमाशंकर पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "मी काढतो धारा." इतके दिवस हा पठ्ठ्या कुठं गेला होता कोण जाणे. पण म्हणाला ते बरं झालं. शिवपुत्रअप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हंजे सामान नगं बांधायला?"

"चहा घ्या," गिरिजाबाई म्हणाल्या. "गार झालाय, दुसरा करते."

दुसऱ्या दिवशी तीनला त्यांचे डोळे उघडलेच. सवय कुठं जाते? गोठ्यात बादल्यांचा आवाज, उमाशंकरचं म्हशीला दटावणं. उठावं का, असं एकदा मनात आलं. त्या पडून राहिल्या. पुन्हा जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन होतं आणि सात वाजून वीस मिनिटं झाली होती. अंग हलकं झालं होतं. इतकं बरं वाटत होतं की त्यांना रडू आलं, कारण हे रोज मिळू शकलं असतं.

वीरप्पा कपात चहा घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा केलेला, नुसती साखर. बाजेच्या कडेला टेकले.

"खवा लागला न्हाय," म्हणाले.

"बरं झालं."

"इतकी वर्षं कधी बोलली का न्हाईस तू?"

"तुमी इचारलं व्हतं का?"

"मला वाटायचं, तुला बी आपसूक जाग येती," वीरप्पा म्हणाले. मग स्वतःचंच बोलणं त्यांना पटलं नसावं. "न्हाय. तसं न्हाय. आई तुला हलवून उठवायची, म्या बघायचो. आई गेल्यावर तू गजराचं घड्याळ आणलंस, उशीखाली ठिवायचीस. म्या तर आधीच जागा आसायचो. ऐकायचो की रोज."

"मग?"

"मग काय," वीरप्पा म्हणाले. "भट्टीला माणूस लागत व्हतं."

गिरिजाबाईंना लई वाईट वाटलं. आणि तो माणूस खरं बोलला याचं बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. त्यांनी चहा संपवला, कप नवऱ्याच्या हातात दिला आणि पांघरूण ओढून घेतलं.

"जाताना दार लावा," त्या म्हणाल्या. "म्या आजून झोपणार हाय."